जुना संगणक : घरचा कोठावळा



पुष्कळ सुशिक्षित घरांतून आज एखादा जुना संगणक माळ्यावर किंवा कपाटांत पडलेला आढळतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नेहमींची देखभाल थांबविली. त्यामुळें विंडोज ११ च्या अटींत न बसणारीं कितीतरी चालतीं यंत्रें एकाएकीं टाकाऊ गणलीं जाऊं लागलीं. तीं भंगारांत घालण्यापूर्वीं त्यांच्याकडून दुसरें कांहीं काम घेतां येईल काय, याचा आज आपण विचार करूं.

सर्व्हर हा शब्द ऐकतांच मोठ्या कचेऱ्यांतील थंड खोल्या डोळ्यांपुढें येतात. वस्तुतः सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागितलेली वस्तु काढून देणारा कोठावळा. निवृत्त मास्तरांना कवाईत घेणें जमत नाहीं, पण ग्रंथसंग्रहाच्या किल्ल्या ते उत्तम सांभाळतात. तसाच हा प्रकार आहे. जो संगणक एखादें संकेतस्थळ उघडतांना धापा टाकतो, तोच फायली देण्याघेण्याचें काम सुखानें करतो; कारण त्याची शक्ति खातो तो मुख्यतः पडद्यावरील थाटमाट.

आणि या कोठीची गरज खरी आहे. कुटुंबाचे फोटो, विम्याचे कागद, मुलांचा अभ्यास हें सर्व चार फोनांत विखुरलेलें असतें. एक फोन हरवला कीं त्यांतील ठेवा गेलाच.

साधनें थोडींच लागतात. यंत्र ६४-बिटी असावें. २ गिगाबाइट रॅम चालते, ४ असल्यास उत्तम. त्यावर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली विनामूल्य बसवितां येते. १९९३ सालीं सुरू झालेला हा प्रकल्प स्वयंसेवक चालवितात. डिस्कवरील जुना मजकूर या वेळीं पुसला जातो, म्हणून तो आधींच उतरवून घ्यावा. बसवितांना डेस्कटॉपचा पर्याय निवडूं नये. मग साम्बा हा प्रोग्रॅम घालावा. अँड्र्यू ट्रिजेल यांनीं ऑस्ट्रेलियांत आरंभिलेल्या या प्रोग्रॅममुळें विंडोजच्या संगणकास आपली कोठी नेहमींच्या फोल्डरासारखी दिसते. फोनवरहि योग्य ॲपच्या साहाय्यानें ती उघडतां येते. यंत्र तारेनें राउटरला जोडावें व राउटरमध्यें त्याला कायमचा पत्ता नेमून द्यावा, म्हणजे तें रोज शोधावें लागत नाहीं.

आतां खर्चाचें पाहूं. सतत २० वॅट घेणारा लॅपटॉप वर्षाला सुमारें १७५ युनिट वीज खातो. ६० वॅट घेणारा टेबलावरील संगणक सुमारें ५२५. म्हणून शक्य तर लॅपटॉपच निवडावा. वीज गेली तरी बॅटरीवर तो कांहीं वेळ तग धरतो. मात्र झांकण मिटतांच तो झोपीं जाणार नाहीं अशी व्यवस्था करावी, आणि बॅटरी फुगलेली दिसल्यास यंत्र तत्काळ बंद करून ती जाणकाराकडून काढवावी.

दोन गोष्टी विशेष ध्यानांत ठेवाव्या. पहिली, जुन्या यंत्राची डिस्कहि जुनीच असते. ती एक दिवस पूर्वसूचना न देतां बंद पडूं शकते. सारा ठेवा तिच्या एकटीच्या हवालीं करणें म्हणजे सुरक्षितता नव्हे. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एरवीं सोडवून ठेवावी. तिसरी प्रत एखाद्या आप्ताच्या घरीं असावी. दुसरी गोष्ट, ही कोठी घरच्यांपुरतीच राहूं द्यावी. बाहेरून इंटरनेटवरून तिच्यांत येण्याची वाट राउटरमध्यें उघडूं नये, आणि प्रणालीच्या सुरक्षेच्या सुधारणा वेळच्यावेळीं घ्याव्या.

पहिला महिना यंत्राची परीक्षा पाहावी; तोंवर फोनांतील एकहि फोटो पुसूं नये. प्रती घेतल्यावर त्यांतून दोनचार फायली परत काढून त्या नीट उघडतात, याचीहि खात्री करावी. एवढें पथ्य पाळल्यास माळ्यावरचें तें यंत्र घराच्या खरोखर उपयोगी पडेल.