परीक्षेआधी एक ग्रामसभा

आमच्या बार्शीत सकाळी सहालाच अभ्यासिकांच्या खुर्च्या भरतात. तिथल्या मुलामुलींना पंचायतींविषयीची ७३वी घटनादुरुस्ती तोंडपाठ असते. ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली, अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मी त्यांना एवढंच विचारते, "तुझ्या गावच्या ग्रामसभेला कधी बसलायस का?" बहुतेकांचं उत्तर 'नाही' असतं. मी ग्रामसेविका म्हणून लागले आणि विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून निवृत्त झाले. त्या सगळ्या नोकरीतून माझं एक मत पक्कं झालंय: पंचायत राजच्या क्षेत्रात यायचं असेल, तर पहिला धडा आपल्याच गावच्या पंचायतीत गिरवावा.

या क्षेत्राचा पसारा आधी समजून घ्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२ला राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज ३४ जिल्हा परिषदा, ३५१ पंचायत समित्या आणि २७ हजारांवर ग्रामपंचायती आहेत. २०२३ साली जिल्हा परिषदांनी गट क च्या १९,४६० जागांची जाहिरात काढली. तीत ग्रामसेवकाबरोबर आरोग्यसेवक, औषध निर्माण अधिकारी, कनिष्ठ अभियंता, पशुधन पर्यवेक्षक, अंगणवाडीची पर्यवेक्षिका अशी कितीतरी पदं होती. डिप्लोमा झालेल्या पोरांचं आपल्या शाखेच्या पदाकडे लक्षच नसतं. सगळा लोंढा तलाठी, पोलीस आणि राज्यसेवेकडे.

ग्रामसेवकासाठी बारावीला किमान ६० टक्के लागतात. कृषी पदविका, अभियांत्रिकी पदविका किंवा समाजकार्याची पदवी असली तरी चालतं. त्या भरतीत पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा होता: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता व गणित, आणि उरलेले ४० प्रश्न पदाशी संबंधित विषयाचे. निवड झाली की पहिली ३ वर्षं कंत्राटी, मानधनावर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण लग्नाच्या बोलणीत हा प्रश्न हमखास निघतो. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं गेलं. गावात मात्र अजून "भाऊसाहेब" नाहीतर "मॅडम"च.

प्रशिक्षण सरकार देतं. पुण्याची यशदा ही राज्याची शिखर संस्था, आणि ठिकठिकाणी पंचायत राज प्रशिक्षण केंद्रं आहेत. तिथे कायदा, लेखासंहिता, योजना शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण हात वळतो तो दप्तरावर बसल्यावरच. २०११च्या लेखासंहितेप्रमाणे ग्रामपंचायतीला नमुना १ ते ३३ ठेवावे लागतात. त्यातला नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तो भरायचा तर टेप घेऊन दारोदार फिरायचं. घर मातीचं की विटा-सिमेंटचं की आरसीसी, किती जुनं, किती चौरस फूट, सगळं बघायचं. दर ४ वर्षांनी फेरआकारणी. एका घराची नोंद चुकली की दोन भाऊ कचेरीच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. म्हणून नव्या पोरांना मी सांगायचे, खातेदाराचं नाव लिहिताना वारसाचा कागद समोर पाहिजे, कुणाच्या तोंडच्या शब्दावर पेन उचलायचं नाही.

दुसरी गोष्ट प्रोसिडिंग लिहिण्याची. ग्रामसभेला गणसंख्या लागते: १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती. तेवढी झाली नाही तर सभा तहकूब. सभा सुरू झाली की विषय, चर्चा, ठराव, सूचक, अनुमोदक हे सगळं सभेतच लिहायचं. ठराव संपला की खाली मोकळी जागा ठेवायची नाही, राहिलीच तर रेघ मारायची. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याच्या वहीत नंतर भलताच ठराव घुसतो आणि लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्या नावावर निघतो. लोकांसमोर लिहायचं, लोकांना वाचून दाखवायचं आणि मग सही घ्यायची. ही एक सवय नव्या माणसाला शंभर भानगडींतून वाचवते.

जन्ममृत्यूची नोंदही याच कचेरीत होते. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते, आणि नोंद होते ती बाळ जिथे जन्मलं तिथली. सून माहेरी बाळंत झाली, तर दाखला माहेरच्या हद्दीतून आणायचा. हे न समजल्यामुळे आजीआजोबा शाळाप्रवेशाच्या तोंडावर दोन तालुक्यांमध्ये हेलपाटे घालतात. त्यांना खुर्ची देऊन पाच मिनिटं नीट समजावणं हे तुमचंच काम. ते कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत, पण गाव तुम्हाला त्यावरूनच जोखतं.

पुढचा रस्ताही मोठा आहे. सेवाज्येष्ठता आणि विभागीय परीक्षांच्या जोरावर विस्तार अधिकारी होता येतं, पुढे सहायक गटविकास अधिकारी. थेट गटविकास अधिकारी व्हायचं तर एमपीएससीची राज्यसेवा. ग्रामपंचायतीच्या शिपायाला, पाणी सोडणाऱ्यालाही वाट आहे: १० वर्षं सेवा झालेल्या, पात्र कर्मचाऱ्यांसाठी जिल्हा परिषदेच्या गट क आणि ड मधल्या १० टक्के जागा राखीव असतात. ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचवणारं कुणी नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

शहरात जायचं असेल तर नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्यसेवेतून येतो. स्थापत्य, पाणीपुरवठा, लेखा, कर निर्धारण यांसाठी नगरपरिषदांचा राज्यस्तरीय संवर्ग आहे. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्वच्छता निरीक्षकाची पदविका आणि पालिका कर्मचाऱ्यांसाठीचे अभ्यासक्रम चालवते. अग्निशामक व्हायचं तर मुंबईच्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा ६ महिन्यांचा अभ्यासक्रम बहुतेक पालिका मागतात.

ग्रामपंचायतीतलं काम सोपं नाही. एकाच माणसाकडे दोन-तीन गावांचा कारभार येतो. सरपंच एका गटाचा, उपसरपंच दुसऱ्या गटाचा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, आणि गावाला हवी असते मंदिरासमोरची फरशी. तिथे नियम दाखवून, न चिडता 'नाही' म्हणता आलं पाहिजे. बाई अधिकारी असेल तर पहिलं वर्ष लोक तोलून बघतात. पण टाकीतलं पाणी शेवटच्या गल्लीत पोचलं की तीच माणसं बांधावरून हाक मारून चहाला बोलावतात. आपण केलेलं काम डोळ्यांसमोर दिसतं, असं सुख सरकारी नोकरीत फार थोड्यांना मिळतं.

तेव्हा जागांची जाहिरात येईपर्यंत नुसतं पुस्तकात डोकं घालून बसू नका. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, यांतल्या पुढच्या ग्रामसभेला जा. गावाचा विकास आराखडा मागा. आपल्याच घराचा नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यातला प्रत्येक रकाना समजून घ्या. मागच्या सभेचे ठराव वाचा, त्यातले किती अमलात आले ते गावात फिरून बघा. परीक्षेत चार गुण वाढतील ते वेगळेच. पण एवढं करून ज्याला कंटाळा आला नाही, उलट आणखी विचारावंसं वाटलं, त्याने खुशाल अर्ज भरावा. अशा माणसांची गावांना खरोखर गरज आहे.