यंत्रावरील अपघात आणि जखमी कामगाराची नुकसानभरपाई : पॉवर प्रेसच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यात मोटार उद्योगाला सुटे भाग पुरविणारे असंख्य लघुउद्योग आहेत. पत्र्याला आकार देणारा पॉवर प्रेस हे त्यांपैकी अनेकांचे मुख्य यंत्र होय. या यंत्रावरील अपघातात प्रामुख्याने हाताची बोटे गमवावी लागतात. जखम कालांतराने भरून येते. परंतु कामगाराच्या उपजीविकेचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. कायदा या हानीचे मोजमाप कसे करतो व त्यातून काय निसटते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

अपघाताचे स्वरूप :
प्रेसमध्ये डायवर पत्रा ठेवला जातो आणि वरून येणारा रॅम त्यास आकार देतो. यंत्र पायाच्या पॅडलवर चालत असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात व डायखाली सापडू शकतात. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबावी लागणारी व्यवस्था, संरक्षक जाळी किंवा हात आत जाताच यंत्र थांबविणारा सेन्सर यांमुळे हा धोका बराच कमी होतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग सुरक्षितपणे बंदिस्त करणे बंधनकारक केले होते. म्हणजेच अशा अपघातांचे प्रतिबंधक उपाय अज्ञात नाहीत.

हानीचे मोजमाप :
कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ च्या पहिल्या अनुसूचीत अवयवहानीची टक्केवारी निश्चित केली होती. अंगठा गमावल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के, तर एका हाताची चारही बोटे गमावल्यास ५० टक्के कमाईक्षमता घटली असे मानले जाई. मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून ही टक्केवारी लावली जात असे. उदाहरणार्थ, २५ वर्षे वयाच्या व दरमहा १२,००० रुपये वेतनाच्या कामगाराने तर्जनी गमावल्यास ७,२०० × २१६.९१ × १४ टक्के, म्हणजे सुमारे २,१८,६४५ रुपये भरपाई निघे. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारास मात्र एकरकमी भरपाईऐवजी त्या योजनेतून अपंगत्व लाभ मिळतो.

ही टक्केवारी बोटाची आहे, कौशल्याची नाही. मोजमापाची उपकरणे हाताळणाऱ्या कारागिराची तर्जनी आणि ओझी वाहणाऱ्या हमालाची तर्जनी अनुसूचीच्या लेखी सारखीच ठरते. ही मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये एका सुताराच्या दाव्यात ओळखली होती. तो अपघात यंत्रावरील नव्हता. परंतु डावा हात कोपराच्या वर गमावलेला मनुष्य सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण मानावे, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. भरपाईचे दायित्व अपघाताच्या दिवसापासूनच निर्माण होते, असेही त्या निकालात स्पष्ट झाले.

जाळी कोणी काढली?
कामगाराने सुरक्षा साधन जाणूनबुजून काढले असेल तर भरपाई नाकारण्याची मुभा कायद्याने मालकास दिली होती. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ही मुभा लागू होत नसे. मात्र बोटे तुटणे हे सामान्यतः अंशतः अपंगत्वात मोडते. उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून पर्यवेक्षकाच्या संमतीने जाळी निघाली असली, तरी अपघातानंतर तिचा दोष कामगाराच्या माथी येऊ शकतो. कंत्राटी कामगाराबाबत मूळ मालकासही जबाबदार धरण्याची तरतूद होती. तथापि हजेरी व वेतनाची नोंदच नसल्यास नातेच सिद्ध करणे कठीण जाते.

निष्कर्ष :
२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आल्या. तथापि अवयवनिहाय टक्केवारीची पद्धत व सुरक्षा साधनाविषयीचा अपवाद नव्या रचनेतही कायम आहे. त्यामुळे अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांतील नोंदींना निर्णायक महत्त्व प्राप्त होते. यंत्राची स्थिती, जाळी व सेन्सर यांची अवस्था, पाळीची वेळ आणि कामगाराचे नेमके काम यांची लेखी नोंद झाली, तरच पुढे बोटाबरोबर गेलेल्या कौशल्याचाही हिशेब मागता येतो. अन्यथा भरपाई मिळूनही कामगाराची खरी हानी कागदावर येतच नाही.