जिन्यावरच का दुखते?

घाटकोपरला गाडीतून उतरून पुलाचा जिना चढताना छातीत दाटून येते, वर क्षणभर थांबले की बरे वाटते. दवाखान्यात झोपवून काढलेला ई.सी.जी. मात्र निर्दोष! आपल्यापैकी अनेकजण एवढ्यावर निश्चिंत होतात. आम्हाला काळजी वाटते ती इथेच.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचा व्यास निम्मा झाला, तरी विश्रांतीत रक्त पुरते. पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. श्रमात मात्र त्यांना आणखी रुंदावायला वाव उरत नाही. लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून हा फरक मोजला.

मग चित्रही श्रमातच काढायला हवे. रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवतात आणि ऐन श्रमात टेक्नेशियम-९९एम असलेले औषध शिरेतून देतात. रक्त कमी पोचले तिथे ते कमी साठते, म्हणून गॅमा कॅमेऱ्यात तो भाग फिका दिसतो. विश्रांतीच्या चित्रात तोच भाग भरला, तर स्नायू जिवंत आहे. फिकाच राहिला, तर बहुधा जुन्या झटक्याचा वण. टेक्नेशियमचे अर्धायुष्य जेमतेम ६ तास. ते मिळते ६६ तास अर्धायुष्याच्या मॉलिब्डेनम-९९ पासून. असे मॉलिब्डेनम आपल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतही बनवले गेले आहे.

चित्र स्वच्छ आले तरी रोहिणीत पातळ थर असू शकतो. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल तो वर्षानुवर्षे वाढवतात. त्यांची तपासणी वेगळी करावीच लागते. आणि बसल्या जागी छाती दाटली, घाम फुटला, तर चाचणीची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठायचे.