धुणं हाही कारखानाच

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. मराठवाड्याच्या गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. धुणी वर्षभर, मोबदला मात्र सुगीत, खळ्यावर. किती कपडे धुतले याची मोजदाद कोणी ठेवत नसे. पदरात किती दाणे पडायचे ते पिकावर आणि कुणब्याच्या मर्जीवर ठरे. आता गोरेगावचा एखादा पोरगा पुण्याला हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत लागला, तर खळ्याच्या जागी ठेकेदाराची हजेरीवही येते. मर्जीचा प्रश्न तोच राहतो.

म्हणून गोव्यातला एक खटला मला फार मोलाचा वाटतो. ३० मे २०१९ रोजी बांबोळीतल्या एका लाँड्रीत कारखाने निरीक्षक गेले. तिथे नऊपेक्षा जास्त कामगार यंत्रांवर कपडे धूत होते, ड्रायक्लीनिंग करत होते, पण कारखान्याचा परवाना नव्हता. फौजदारी खटला उभा राहिला. बचाव असा, की धुण्याने नवी वस्तू तयार होत नाही. मळकी चादर स्वच्छ झाली तरी ती चादरच, मग उत्पादन कुठलं? उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला ते पटलं. गोवा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ३ मार्च २०२५ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी निकाल फिरवला. १९४८ च्या कारखाने कायद्यात उत्पादन प्रक्रियेच्या व्याख्येतच 'धुणे' आणि 'स्वच्छ करणे' हे शब्द होते. धुतलेला कपडा वापरासाठी ग्राहकाच्या हाती जातो, तेवढं पुरे. नवी वस्तू बनलीच पाहिजे असं नाही.

कारखाना ठरल्यावर आठवड्याला ४८ तासांची मर्यादा लागते आणि जादा कामाला दुप्पट दर मिळतो. उकळत्या पाण्याजवळ, वाफेत उभं राहणाऱ्याला याचा अर्थ कळतो.

पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहाऐवजी वीस कामगार असले तरच तो कारखाना. पंधरा जणांची लाँड्री त्या व्याख्येतून निसटली. माझ्या मते हा अन्याय आहे. बॉयलर काही माणसं मोजून तापत नाही. किमान वेतनाला मात्र ही अट नाही. वेतन संहितेनुसार ते प्रत्येक कामगाराचं आहे, लाँड्रीत पाच जण असोत की पाचशे.

ते मागायचं कोणी? जुलै १८८१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटात वीस कृष्णवर्णीय धोबिणींनी संघटना काढली. बारा पौंड धुण्याला एक डॉलर, ही मागणी. तीन आठवड्यांत त्या तीन हजारांच्या घरात गेल्या. नगरपालिकेने संघटनेतल्या प्रत्येकीवर २५ डॉलर परवाना फी बसवायचं ठरवलं. बायकांनी महापौरांना उलट कळवलं: फी भरू, पण मग शहराची धुणी आमच्या ताब्यात राहतील. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती.

गोरेगावातून लाँड्रीच्या कामाला गेलेल्या पोरांनो, हजेरी आणि जादा तास स्वतःच्या वहीत रोज तारखेनिशी लिहा. पगाराची पावती मागून घ्या. आणि युनियनच्या नोंदणीचा अर्ज करायला सात सभासद लागतात. सत्तर कामगारांच्या लाँड्रीतसुद्धा सातच.