लेपाचे दहा हात

पहाटे ३.३० : खडकी बाजार अजून मिटलेला. गोठ्यात दिवा लागतो. नऊ म्हशी, दोन गडी. त्यातले एक मामा. मामा आधी शेण ओढतात, मग कास धुवायला बसतात. पगार महिना पंधरा हजार, वर रोज लिटरभर दूध.

४.१५ : प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर. आठ म्हशींचं दूध स्वच्छ. नववी मुद्दाम शेवटी ठेवलेली. तिच्या मागच्या डाव्या सडातून गुठळ्या पडतात. परवा तिला दगडी झाली, म्हणजे कासदाह. या सडाचं दूध वेगळ्या भांड्यात पिळायचं आणि टाकून द्यायचं. मग साबणाने हात, कोपरापर्यंत.

५.३० : रतिबाचे कॅन मोटरसायकलला लागतात.

६.०० : आता लेप. कोरफड पाव किलो, काटे काढून, सालीसकट. गोठ्यामागच्या फुटक्या पिंपात लावलेली आहे, फुकट. हळद ५० ग्रॅम. चुना १५ ग्रॅम. मिक्सर फिरतो आणि पिवळं लाल होतं. घरचं कुंकू याच मेळातून निघतं. हळदीतलं कर्क्युमिन साध्या पाण्यात विरघळत नाही, चुन्यात रंग बदलून मिसळतं, पण लवकर मोडतंही. कालचा लेप आज चालत नाही. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही हाच लेप सांगितला आहे : रोज ताजा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस.

६.३० : पहिला हात. कास धुतली, दुखरा सड पूर्ण पिळला. मूठभर लेप पाण्यात पातळ केला. एका सडाला नाही, सगळ्या कासेला लावायचा. म्हैस पाय झाडते. "थांब गं बाई, थांब." मामांचं कपाळ तिच्या मांडीला टेकलेलं. मग दोन लिंबं, अर्धी कापून, तिच्या तोंडात.

८.०० : दुसरा. पुन्हा धुणं, पिळणं, लावणं. मध्ये कुट्टी, पेंड, पाणी.

११.०० : चौथा हात चालू असताना मालक येतात.

"मामा, एक इंजेक्शन टोचून मोकळं होऊ या का?"

"काल डॉक्टर बघून गेलेत, मालक. ताप नाही, खातेय. लेप चालू ठेवा म्हणाले. टोचलं की चारी सडांचं दूध ओतावं लागेल."

मालक मनात हिशेब करतात. आठ लिटर, ऐंशीचा भाव. रोजचे सहाशे चाळीस, औषधाचा अंश दुधातून जाईपर्यंत. ते काही न बोलता आत जातात.

दुपारी २.०० : सहावा. एरवी ही मामांच्या झोपेची वेळ. गुडघे धरून उठतात.

५.०० : संध्याकाळची धार. काळ्या फडक्यावर गुठळ्या कमी, दूध अजून पाणचट. हेही ओतलं.

रात्री ८.३० : दहावा हात. नखं लाल झाली आहेत, साबणाने निघत नाहीत.

तुमच्याकडे जनावर असेल तर एवढं ध्यानात ठेवा : ताप चढला, खाणं सुटलं किंवा दुधात रक्त आलं, तर लेपावर थांबू नका, लगेच डॉक्टर बोलवा. बाकी या लेपाचं दिवसाचं सामान पन्नास रुपयांच्या आत बसतं. दहा वेळा खाली बसून उठण्याचे वेगळे पैसे मामांना मिळत नाहीत. ते मिळायला हवेत.