इंजिनाचा घास मोजणारा पंप

चेन्नई शहराचा मोटारींशी असलेला संबंध जुना आहे. शहराच्या दक्षिणेस वंडलूर येथे स्टँडर्ड मोटार कंपनीचा कारखाना होता व 1961 पासून तेथे ‘हेरल्ड’ ही छोटी मोटार तयार होऊ लागली. त्याच वर्षी पाडी येथे लुकास-टीव्हीएस ही मोटारींचे विद्युत-भाग बनवणारी कंपनी स्थापन झाली. शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत. अशा शहरात जुन्या मोटारी जपणारे, त्यांची इंजिने खोलून पुन्हा उभी करणारे लोक असणे स्वाभाविकच आहे. परंतु काही जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाबतीत केवळ इंजिन नवे करून काम भागत नाही. त्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारा यांत्रिक पंपही त्याच्या मापाचा करून घ्यावा लागतो. ही जुळणी का करावी लागते, ते समजून घेण्यासारखे आहे.

सर्वसाधारण जुन्या मोटारीत कार्ब्युरेटर असे. इंजिन जेवढी हवा ओढील, तिच्या प्रवाहाबरोबर पेट्रोल आपोआप खेचले जाई. यांत्रिक अंतःक्षेपणाच्या पद्धतीत तसे नाही. पंप दाबाखाली पेट्रोलचा मोजका थेंब प्रत्येक सिलिंडरकडे धाडतो. पण किती हवा आत गेली हे तो मोजत नाही, केवळ अंदाज करतो. त्याचा अंदाज कारखान्यात एका विशिष्ट इंजिनावरून बांधलेला असतो.

उदाहरण म्हणून हेरल्डच्याच ब्रिटिश घराण्यातील ट्रायम्फ टीआर-5 ही 1967 सालची मोटार घेऊ. हिच्या अडीच लिटरच्या, सहा सिलिंडरच्या इंजिनावर ब्रिटनच्या लुकास कंपनीचा मापक होता. या मापकात एक पोकळ दांडा इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. दांड्याच्या पोटात एक लहानशी सरकती गोटी असते. तिला शास्त्रीय परिभाषेत काहीही म्हणोत, काम धोट्याचे करते. एका बाजूने सुमारे शंभर पौंड दाबाचे पेट्रोल आले, की धोटा पलीकडे ढकलला जातो आणि पलीकडचे पेट्रोल नोझलकडे जाते. पुढच्या क्षणी हेच उलट दिशेने घडते. धोटा जेवढा सरकेल, तेवढा घास मोठा. तो किती सरकावा, हे एक अडसर ठरवतो आणि अडसराची जागा इंजिनाच्या शोषणावर, म्हणजे आतल्या निर्वातावर अवलंबून असते. पेडल सोडलेले असताना निर्वात जास्त, म्हणून घास लहान. पेडल पूर्ण दाबले की निर्वात कमी, म्हणून घास मोठा. रचना मोठी सुबक आहे, यात शंका नाही.

आता हेच इंजिन पुन्हा उभे करताना मालकाने हौसेने तीव्र उठावाचा कॅमशाफ्ट बसवला, असे समजू. अशा कॅमशाफ्टमुळे इंजिन मंद चालत असतानाही निर्वात कमी पडतो. मापकाला वाटते, पेडल दाबलेले आहे. तो भरमसाट पेट्रोल सोडू लागतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि नव्या रिंगा बसण्याआधीच झिजतात. याउलट सिलिंडर बोअर करून मोठा केला व पंप जुन्याच मापावर ठेवला, तर मिश्रण विरळ होते. पूर्ण वेगात विरळ मिश्रणाने तापमान इतके वाढते, की पिस्टनचा माथा वितळू शकतो. कित्येक महिन्यांची मेहनत आणि परदेशाहून मागवलेले भाग काही मिनिटांत वाया जातात. ट्रायम्फने स्वतःही पुढे टीआर-6 साठी सौम्य कॅमशाफ्ट घेतला, तेव्हा मापकाची मांडणी बदलली होती; जाहीर शक्ती सुमारे दीडशेवरून सव्वाशे अश्वशक्तीवर आली.

पोर्शे 911 मधील बॉश पंपाची तऱ्हा निराळी. तो डिझेल पंपाच्या कुळातला. त्याच्या पोटात उंचसखल पृष्ठभागाचा एक कॅम असतो. वेग आणि पेडल या दोहोंनुसार तो सरकतो व फिरतो आणि त्याच्या चढउतारांवरून घास ठरतो. ई आणि एस या इंजिनांचे कॅम वेगळे आहेत. एकाचा पंप दुसऱ्यावर बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगरख्यात शिरणे होय.

म्हणून जाणते कारागीर पंपाला हात लावण्यापूर्वी इंजिन तपासतात: कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचे अंतर, ठिणगीची वेळ. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? त्यानंतर पंप चाचणी-मेजावर चढतो. डिझेल पंप तपासण्यासाठी असे मेज चेन्नईसारख्या शहरात जुनेच आहे. ठरावीक फेऱ्यांत प्रत्येक नळीतून किती द्रव आला, ते काचेच्या मापनळ्यांत पाहतात. येथे पेट्रोल नव्हे, आगीचे भय नसलेले चाचणी-तेल वापरतात. सहाही नळ्यांची पातळी सारखी यायला हवी. शेवटी गाडीवर बसवून धुरातील कार्बन मोनॉक्साइड मोजतात आणि प्लगचा रंग पाहतात.

चेन्नईत आणखी दोन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो. पहिली, उकाडा. मे महिन्यात चाळीस अंशांची हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे आठ टक्के विरळ असते. तेवढ्याने मिश्रण जाड होते. शिवाय लुकास पद्धतीत पेट्रोलला दाब देणारी विजेची मोटार डिकीत असते. ती तापली की पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी रस्त्यातच बंद पडते. दुसरी गोष्ट इंधनाची. 2025 पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला अधिक इंधन हवे, सुमारे सात-आठ टक्के. जुन्या रबरी सीलही इथेनॉलने फुगतात, त्या बदलाव्या लागतात.

गंमत अशी, की मे महिन्यातील दुपारी हे दोन दोष एकमेकांना जवळजवळ फेडून टाकतात. उन्हाळ्यात सुरळीत चाललेल्या गाडीचा घास डिसेंबरच्या सकाळी, बावीस अंशांच्या हवेत, कमी पडू लागतो. म्हणून असा पंप जुळवल्यानंतर त्याची खात्री थंड सकाळी, पेडल पूर्ण दाबून करावी लागते.