जुडीतले एक पान

नेवासा तालुक्यातल्या घोडेगावात कांद्याचा लिलाव असला की संभाजीनगर रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची गर्दी होते. नगरजवळच्या नेप्ती उपबाजारातही तीच तऱ्हा. राहुरी आणि पारनेर कांद्यासाठी ओळखले जातात, संगमनेर आणि अकोले टोमॅटोसाठी. भाजीला तोटा नाही असा हा अहिल्यानगर जिल्हा. आणि तरी याच जिल्ह्यातल्या एखाद्या घरात पिंजऱ्यातून हॅमस्टर आला, तर घरच्यांना पहिली सूचना द्यावी लागते ती कांद्याबद्दलच: याला कांदा द्यायचा नाही. कांद्याची पात नाही, लसूण नाही, लसणाची पातही नाही. कांदा-लसणातली गंधकाची संयुगे रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कुत्र्या-मांजरांत हा परिणाम चांगलाच अभ्यासलेला आहे, आणि तळहातावर मावणाऱ्या प्राण्यावर त्याची परीक्षा घ्यावी असे कुठलाही पशुवैद्यक सांगणार नाही.

हॅमस्टर आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. रंगीत मासे आणि लव्हबर्ड विकणाऱ्या दुकानांतही तो दिसतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांविषयीच्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग यांच्या जोडीने हॅमस्टरचेही नाव आहे. म्हणजे तो विकणाऱ्या दुकानाने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. दुकानात साधारण दोन प्रकार मिळतात. एक सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर, वजन शंभर ते दीडशे ग्रॅम. दुसरा बुटका, म्हणजे ड्वार्फ. त्यातला रोबोरोव्हस्की जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा, बाकीचे तीस ते पन्नास ग्रॅमचे. आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचे. दुकानदार पिंजरा देतो, चाक देतो, सूर्यफुलाच्या बियांची पुडी देतो आणि जाता जाता सांगतो, ‘भाजीपाला काहीही घाला, खातो.’

खातो हे खरे. त्याला ते मानवते का, हा प्रश्न वेगळा.

या प्राण्याचे मूळ घर पाहिले की उत्तर सोपे होते. १९३० मध्ये इस्राएल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियातल्या अलेप्पो शहराजवळच्या एका शेतात बीळ खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्ले बाहेर काढली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात त्यांतली मोजकीच जगली, वाढली आणि पुढे त्यांची बेसुमार वीण झाली. आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सगळे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळाचे वंशज आहेत. आहारोनींना ही कामगिरी सांगितली होती सॉल अॅडलर या परजीवीशास्त्रज्ञाने. त्याला काळाआजारासारख्या रोगावर प्रयोग करायला सोयीचा प्राणी हवा होता. म्हणजे हॅमस्टर माणसाच्या घरात आला तो प्रयोगशाळेच्या दारातून, आणि ते दार अजून बंद झालेले नाही: कोव्हॅक्सिन लस करोनाला कितपत रोखते याची एक चाचणी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने सीरियन हॅमस्टरवरच घेतली होती.

अलेप्पोच्या आसपासचा तो मुलूख कोरडा, गहू आणि कडधान्यांचा. आपल्याकडचा शेतकरी त्याला सरळ जिरायत म्हणेल. तिथला हॅमस्टर दाणे गोळा करतो, किडे खातो, कोवळा पाला कुरतडतो आणि उरलेले बिळात साठवतो. तिथले शेतकरी त्याला उपद्रवी उंदीरच समजतात. नगरच्या खेड्यातले आजोबा नातवाच्या हॅमस्टरकडे बघून ‘शेतातल्या उंदराला औषध घालायचं आन् याला काकडी?’ असे म्हणाले, तर प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ते फार चुकलेले नसतात.

तेव्हा या प्राण्याच्या जेवणात भाजीची जागा ताटातल्या कोशिंबिरीची आहे. पोट भरायचे ते कोरड्या दाण्याने. त्यासाठी तयार मिळणारे हॅमस्टरचे खाद्य बरे, कारण त्यात प्रथिनांचे प्रमाण साधारण सोळा ते वीस टक्के राखलेले असते. ज्वारी-बाजरी नगरच्या घरात असतेच आणि हॅमस्टर ती आवडीने फोडून खातो, पण नुसत्या ज्वारीत प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास. केवळ धान्यावर ठेवलेला प्राणी खंगतो. खाद्यात थोडी ज्वारी-बाजरी मिसळावी, अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा. सूर्यफुलाच्या बिया तेलकट, त्या मोजून.

आता कोशिंबीर किती? इथेच बहुतेक घरे चुकतात, आणि चुकतात ती प्रेमाने. काकडीची एक चकती दहा ग्रॅमची धरू. सीरियन हॅमस्टरचे वजन १२० ग्रॅम, माणसाचे ६० किलो; म्हणजे माणूस पाचशे पट. हॅमस्टरला दिलेली ती एक चकती म्हणजे माणसाने एका बैठकीत पाच किलो काकडी खाण्यासारखे झाले. चाळीस ग्रॅमच्या ड्वार्फच्या बाबतीत हाच हिशेब पंधरा किलोवर जातो. काकडीत पंचाण्णव टक्के पाणी. इतके पाणी एकदम पोटात गेले की जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे थट्टा नव्हे. सीरियन हॅमस्टरला चहाचा एक सपाट चमचा, ड्वार्फला त्याच्या निम्म्याहून कमी, तेही आठवड्यातून तीनदा-चारदा, एवढे पुष्कळ झाले. मेथीची जुडी घरादाराला पुरते. हॅमस्टरचा वाटा त्यातले एक पान.

नवा आणलेला हॅमस्टर पहिले काही दिवस भाजीविना ठेवावा. प्रवासाने, जागा बदलल्याने तो आधीच बिथरलेला असतो. दुकानात त्याला कोरडे खाद्य मिळत होते की ओले, हेही नक्की ठाऊक नसते. नंतर नखाएवढा तुकडा, एका वेळी एकच भाजी, आणि दोन दिवस लेंड्यांवर नजर. लेंडी कोरडी, घट्ट राहिली तर पुढची भाजी. एकदम चार भाज्यांची बशी मांडली आणि पोट बिघडले, तर कुठल्या भाजीने बिघडवले ते कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी अडचण त्याच्या गालांत आहे. हॅमस्टरच्या दोन्ही गालांच्या पिशव्या थेट खांद्यापर्यंत मागे जातात. त्यांत लाळ सुटत नाही, म्हणून कोरडा दाणा तसाच कोरडा राहतो आणि घरट्याच्या कोपऱ्यात जाऊन साठतो. जिरायतीतल्या प्राण्याला ही सोय नामी होती. पण हा स्वभाव दाणा आणि काकडी यांत फरक करत नाही. काकडीही गालात जाते, तिथून बिछान्याखाली जाते आणि कुजते. मालकाला वाटते, ‘सगळं खाल्लं, अजून देऊ या!’ एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ओला तुकडा काही तासांत खराब होतो; पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. हॅमस्टर रात्री जागतो, म्हणून भाजी संध्याकाळी द्यावी आणि सकाळी घरट्यातला साठा हाताने तपासून ओले तेवढे काढावे. सगळा साठा उचलू नये, कोरडे दाणे त्याचे त्याला राहू द्यावेत. साठा नाहीसा झाला की तो अस्वस्थ होतो.

भाज्यांची निवड करताना नगरचा बाजार हाताशी आहेच. काकडी चालते, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हिमांगी आणि फुले शुभांगी हे वाण याच भागातले. ढोबळी मिरची बिया आणि देठ काढून दिली तर उत्तम, हिरवीपेक्षा लाल गोड लागते. कोथिंबीर, मेथी, फ्लॉवरचा एखादा तुरा, ब्रोकोली, ओला वाटाणा हेही ठीक. कोबी थोडाच, पोट फुगते. पालक क्वचित, कारण त्यातल्या ऑक्झलेटमुळे मुतखड्याची शंका राहते. कोवळा दुधी देता येतो, पण आधी स्वतः चाखून. कडू दुधीच्या रसाने माणसे दगावल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती. जे माणसाला झेपले नाही ते शंभर ग्रॅमच्या प्राण्याला काय झेपणार! काकडीचेही तसेच, कडू निघाली की टाकून द्यावी.

गाजराबद्दल चित्रांनी बराच गैरसमज पसरवलेला आहे. गाजर गोड असते, मक्याचे दाणे त्याहून गोड. सीरियन हॅमस्टरला गाजराचा लहान काप चालतो, पण ड्वार्फमधल्या कॅम्पबेल जातीत मधुमेहाची प्रवृत्ती असते आणि दुकानातले बरेच ड्वार्फ मिश्र जातीचे असतात. त्यांच्यापासून गाजर, मका, बीट आणि फळे दूर ठेवलेली बरी. बीट दिले की तोंड आणि पंजे लालभडक होतात आणि घरचे रक्त समजून धावपळ करतात, तो भाग निराळा.

टोमॅटोचा पिकलेला गर कणभर चालेल, पण आंबट असल्याने न दिला तरी काही बिघडत नाही. त्याचा पाला, देठ आणि हिरवे फळ मात्र विषारी वर्गात मोडते. वांग्याचे देठ-पान आणि कच्चा बटाटा, विशेषतः हिरवट पडलेला, याच पंगतीतला. लिंबू-मोसंबी नको. आवळा, लिंबू ‘सी जीवनसत्त्वासाठी’ देणारेही भेटतात. त्यांची गल्लत गिनीपिगशी होते: गिनीपिगला ते बाहेरून द्यावे लागते, हॅमस्टरचे शरीर ते स्वतः तयार करते. आणि घरची फोडणीची भाजी, कितीही मऊ असली तरी, नाही. तेल, मीठ, तिखट आणि कांदा एकाच घासात येतात.

वाल, घेवडा, राजमा यांचे कच्चे दाणेही बाद. हे मुद्दाम सांगायचे कारण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या या बीजमातेच्या बियाणे बँकेत वाला-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण जपलेले आहेत. गावठी म्हणजे निर्धोक, असा सरसकट समज अलीकडे रुजला आहे. माणूस वाल भिजवून, मोड आणून, शिजवून खातो. हॅमस्टर ते कच्चेच फोडणार, आणि कच्च्या दाण्यातली द्रव्ये त्याच्या पोटात जशीच्या तशी जाणार.

राहीबाईंची परसबाग मात्र हॅमस्टर पाळणाऱ्याने जरूर डोळ्यांसमोर ठेवावी, कारण बाजारातल्या भाजीवर काय फवारले हे आपल्याला ठाऊक नसते. कोबी-फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पडते आणि तिच्यासाठी फवारणी होते. काढणी आणि फवारणी यांतले अंतर प्रत्येक ठिकाणी पाळले जातेच असे नाही. माणसासाठी नगण्य ठरणारा अंश तीस ग्रॅमच्या देहात नगण्य राहत नाही. बाजारातली भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी, कोबीची बाहेरची पाने टाकावीत, पाणी पुसून घ्यावे आणि फ्रिजमधली गार भाजी खोलीच्या तापमानाला आल्यावरच द्यावी. याहून सोपी वाट म्हणजे खिडकीत एक कुंडी: मूठभर धने, मूठभर मेथीदाणे. हॅमस्टरला लागणारी हिरवी भाजी एका कुंडीत वर्षभर निघते. शेताजवळच्या घरात आणखी एक दक्षता हवी. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष मांडले असेल त्या बांधावरचा पाला आणू नये.

उन्हाळ्यात काकडीचा तुकडा दिला म्हणजे पाण्याची बाटली भरायची गरज नाही, असे काही जण धरून चालतात. बाटली रोज भरलेलीच हवी. उलट नगरची थंडीही कमी नाही. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कधीकधी राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांत असतो. फार गारठ्यात हॅमस्टर निपचित पडतो, मेल्यासारखा दिसतो. अशा दिवसांत ओली भाजी कमी आणि कोरडे खाद्य, कोरडा बिछाना भरपूर, हा नियम ठेवावा.

शेपटीखालची लव ओली आणि घाण दिसली, प्राणी कुबड काढून बसला, खाणे सोडले, तर ते ‘वेट टेल’चे लक्षण असू शकते. लहान वयाच्या सीरियन हॅमस्टरमध्ये हा जिवाणूजन्य आजार दोन-तीन दिवसांत जीव घेतो. भाजी लगेच बंद करावी, पाणी चालू ठेवावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे. घरातल्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी चुरून घालू नये. जिल्ह्यातले बहुतेक पशुवैद्यक गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करणारे. जिल्ह्याची गरजच ती आहे. म्हणून हॅमस्टर घरी आणण्यापूर्वी त्याला तपासणारा डॉक्टर नगरात, श्रीरामपुरात, संगमनेरात कोण आहे याची चौकशी करावी, त्याचा नंबर लिहून ठेवावा आणि तो मिळाल्यावरच पिंजरा विकत घ्यावा.